गिरणीच्या माडीवर रोज पाच शब्द

जठारपेठेतली ती गिरणी अजून चालू आहे, हे आधी नाकाला कळलं. पेपर तपासायच्या कामासाठी अमरावतीहून अकोल्याला आले होते. काम दुपारीच आटोपलं, परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून उन्हातून पायीच निघाले. औषधांच्या दुकानाचं वळण घेतलं आणि गरम पिठाचा किंचित करपट वास आला. मग पट्ट्याचा आवाज. गिरणीच्या दारात काकू तशाच स्टुलावर बसलेल्या. भुवया पिठाने पांढऱ्या की वयाने, हे आता सांगता येत नव्हतं. त्यांच्या उजव्या हाताला वर जाणारा अरुंद जिना होता. त्याच्या तोंडाशी आता लोखंडी जाळी बसवली आहे.

"वर काय आहे आता, काकू?"

"पोते," त्या म्हणाल्या. "रिकामे पोते." मग डोळे बारीक करून मला न्याहाळत, "तू क्लासवाली ना?"

हो, मी क्लासवाली. बारा वर्षांपूर्वीचा एक अख्खा हिवाळा आणि उन्हाळा मी तो जिना चढत होते. वर एक लांबट खोली होती, एक फळा, चौदा प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि समाजाविषयी बोलायला लागणारे इंग्रजी शब्द शिकवणारे एक सर.

"कुठल्याही मुलाखतीला जा," सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "तुम्हाला कापसाचा भाव कोणी विचारणार नाही. विचारतील, स्त्रियांच्या प्रश्नावर तुमचं मत काय, जातीवर काय, पर्यावरणावर काय. मतं तुमच्याकडे आहेत. शब्द नाहीत."

मग फळ्यावर रोज पाच शब्द. स्टिग्मा. प्रिव्हिलेज. कन्सेन्ट. प्रेज्युडिस. एम्पॉवरमेंट. खाली गिरणी सुरू झाली की जमीन थरथरायची, फळा थरथरायचा आणि ते शब्दही. तासाभरात वह्यांवर पिठाची पातळ साय धरायची. बोटाने पुसून शब्द वाचावा लागे. फाल्गुनात मिरच्या दळायला यायला लागल्या तेव्हा स्त्री-पुरुष समानतेवर तावातावाने बोलणारे चौदा जण एकदमच शिंकायचे. सरांचं नाक लाल व्हायचं, पण ते रुमाल धरून पुढचा शब्द लिहायचे.

आईला त्या सरांचा संशय होता. "पुन्याहून अकोल्याले कोन येते बाप्पा?" ती म्हणायची. "मानूस इकडून तिकडे जाते. हा उलटा आला. काई तरी करून आला असन."

मला सरांपेक्षा शब्दांचा संशय जास्त होता. आमच्या दारात कोणी गाडी उभी करून, खाली न उतरता, काचेतून आमच्याकडे पाहावं, तसे ते शब्द मला वाटायचे. एक दिवस 'मार्जिनलाइज्ड' आला. सरांनी सांगितलं, काठावर ढकललेले लोक. उदाहरणार्थ लहान शेतकरी, फुलं-भाजी विकणारी कुटुंबं. मी सुबक अक्षरात लिहून घेतलं. लिहिताना माझ्या नखांकडे लक्ष गेलं. नखांत झेंडूचा पिवळा रस होता, सकाळी तोडणीला गेले होते त्याचा. मी हात ओढणीखाली घेतला, आणि शेजारच्या खुर्चीवरच्या रेखाने ते पाहिलं का, हे तिरक्या नजरेने तपासलं.

आमचं गाव अकोल्यापासून बसने अर्ध्या तासावर. थंडीत शेवंती, उन्हाळ्यात मोगरा आणि झेंडू जवळपास बारा महिने. बाबा उजाडायच्या आत टोपल्या घेऊन बाजाराला जायचे. दुपारी शेडमध्ये हार गुंफायचं काम चालायचं. ओल्या गोणपाटाचा, देठांचा, जरा कुजलेल्या पाकळ्यांचा असा एक वास तिथे असायचा. तो कुठल्याही अत्तरात नाही. आता अमरावतीच्या फ्लॅटमध्ये कधी फुलदाणीतलं पाणी बदलायचं राहिलं, तर क्षणभर येतो.

त्या वर्षी संक्रांतीनंतर माझी मोठी बहीण, ताई, सासरहून परत आली. बाबा जाऊन घेऊन आले. शेजारपाजारी सांगितलं, तब्येत बरी नाही. अंगावर वळ नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हतं. ती शेडमध्ये बसून हार करायची, आधीपेक्षा दुप्पट वेगाने. मी समोर बसून त्या दिवसाचे पाच शब्द पाठ करायची. ती ऐकते आहे की नाही, कळायचं नाही. एक दिवस दोरा दातात धरून तिने विचारलं, "मानूस घरात राहून बोलतच नसन, तं त्याले इंग्रजीत काय म्हनते?"

"अबोला धरला म्हणतात की आपल्यात," मी म्हटलं.

"अबोला नाई." तिने दोरा तोडला. "अबोल्यात रुसवा असते. रुसलेलं मानूस वाट पाह्यते, कोनी मनवन म्हनून. ह्यायनं सात महिने वाट नाई पाह्यली. मी ताट ठेवो, थे जेवत. मी पानी देवो, थे पेत. खुंटीकडे पाहावं तसं माह्याकडे पाहत. माहा आवाज निंगते का नाई हे पाहाले मी मोरीत जाऊन एकटी बोलो."

मोगऱ्याच्या कळ्या माझ्या ओंजळीत तशाच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी सरांना तो शब्द विचारला. त्यांनी चष्मा काढला. "कोणाबद्दल विचारते आहेस?"

"शेजारची एक आहे," मी म्हटलं.

ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले. आईचं बोलणं मला आठवलं. मग त्यांनी चिठ्ठीवर एक शब्द लिहून दिला. स्टोनवॉलिंग. समोरच्या माणसापुढे दगडी भिंत होऊन बसणं.

घरी येऊन ताईला सांगितलं. तिने तो शब्द तीन-चारदा जिभेवर घोळवला, चुकत, दुरुस्त करत. "बरोबर हाय," ती म्हणाली. "म्हंजे दुसऱ्या कोनाचं बी असं झालं असन. नाईतर शब्द कायले केला असता?" आणि घरी आल्यापासून पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं.

हे सगळं मी फक्त एका माणसाला सांगितलं. रेखाला. ती पुढच्या गावाहून बसमध्ये चढायची. मी तिच्यासाठी पिशवी ठेवून जागा धरायची. ती ओढणीच्या गाठीत बोरं आणायची, आणि शब्द माणसांना चिकटवून पाठ करायची. ड्रायव्हरशेजारच्या जागेवर रोज ऐटीत बसणारा कंडक्टरचा मेहुणा म्हणजे प्रिव्हिलेज. तिचा आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. ताईचं ऐकल्यावर मात्र ती हसली नाही. खिडकीतून बाहेर पाहत म्हणाली, "हे कोनाले सांगू नको." तेव्हा मला ते मायेचं वाटलं.

चैत्रात एक दिवस सरांनी नेहमीप्रमाणे सरावाचे कागद वाटले. दर आठवड्याला एक प्रसंग असायचा, त्यावर पंधरा मिनिटं इंग्रजीत चर्चा. त्या दिवशी खालची गिरणी बंद होती. लाइन गेली असेल, असं मला वाटलं. खोलीत विचित्र शांतता होती. कागदावर लिहिलं होतं: एका लहान शहराजवळ फुलं पिकवणारं कुटुंब आहे. त्यांच्या लेकीशी तिचा नवरा सात महिने एक शब्दही बोललेला नाही.

अक्षरं दिसेनात. भोवती चर्चा सुरू झाली. कोणी म्हणालं, तिने समजून घ्यायला हवं. कोणी म्हणालं, मारलं तर नाही ना, मग छळ कसा म्हणायचा? कोणी विचारलं, त्याआधी तिने काय केलं होतं, ते कुठे लिहिलंय? मग रेखा बोलायला लागली. ती फार छान बोलली, तुटक इंग्रजीत पण न अडखळता, आणि तिच्या त्या मोठ्या आवाजात तिने एक शब्द वापरला. स्टोनवॉलिंग. तो शब्द सरांनी वर्गात कधीच शिकवला नव्हता. तो फक्त माझ्या चिठ्ठीवर होता, आणि चिठ्ठीचं मी बाहेर फक्त रेखालाच सांगितलं होतं.

झालं. मला आणखी काही नको होतं. एकदा असं पाहायला लागलं की मागचंही सगळं त्याच रंगात दिसतं. रेखा दोनदा वर्ग सुटल्यावर सरांशी बोलत थांबली होती. तिची मावशी आमच्या भाऊजींच्या तालुक्यात दिलेली होती. आणि कोणाला सांगू नको, असं बजावणारीच सांगत सुटते, हे आईने मला लहानपणापासून शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी जागा धरली नाही. एका म्हातारीशेजारी जाऊन बसले. चार दिवस तसेच गेले. पाचव्या दिवशी रेखा येऊन दांडी धरून माझ्याजवळ उभी राहिली.

"काहून बोलत नाईस?"

"कुठं काय," मी म्हटलं, आणि खिडकीबाहेर पाहिलं.

त्याआधी एक दिवस मी वर्गाला गेले नव्हते. त्या दिवसाचे पाच शब्द अर्थासकट लिहिलेला कागद तिने माझ्या मांडीवर ठेवला. मी उतरताना तो सीटवर ठेवून उतरले. ज्येष्ठात क्लास संपला, तोवर मी तिच्याशी आणखी एक अक्षर बोलले नाही. मी जे करत होते त्याचा नेमका शब्द माझ्याकडे होता, ताईला मीच उच्चारायला शिकवलेला. पण तो मला भाऊजींसाठी दिला होता, असं मी धरून चालले होते.

त्याच सुमारास भाऊजी आले. सोबत त्यांचे मामा, आमचेही दोन वडीलधारे. ओसरीवर बैठक बसली. भाऊजी हायस्कूलला शिक्षक. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. ते फार शांतपणे बोलले. "विशेष काही नाही, मामा. थोडी कम्युनिकेशन गॅप झाली. ॲडजस्टमेंटचा प्रश्न आहे."

मी दाराआड दचकले. हे दोन्ही शब्द माझ्या वहीत होते. जे शब्द मी ताईच्या बाजूने उभं राहायला गोळा करत होते, ते त्यांच्याकडे आधीच होते, आणि त्यांच्या तोंडी ते माझ्यापेक्षा सराईत वाटत होते. माना डोलायला लागल्या. गॅप म्हटल्यावर काय, भरून काढता येते.

ताई उंबऱ्यात आली. पदर नीट केला. "गॅप दोघायच्या मधात असते," ती म्हणाली. "मी तं बोलत होती."

भाऊजींनी एक पेन काढून पुन्हा खिशाला लावलं. मग बाबा, जे अशा बैठकींत कधी तोंड उघडत नसत, म्हणाले, "पोरगी येथीच राहीन." बैठक उठली. पुढे रीतसर वेगळं व्हायला तीन वर्षं लागली, पण माझ्या लेखी ते त्या दुपारीच झालं होतं. आज ताईची अकोल्याच्या वेशीवर रोपवाटिका आहे, आणि तिथे ती दिवसभर गिऱ्हाइकांशी, मजुरांशी आणि गुलाबांशी बोलत असते.

बैठकीनंतरच्या आठवड्यात आम्ही दोघी झेंडूची रोपं लावत होतो. गुडघ्यापर्यंत चिखल लागला होता. बोलता बोलता मी म्हणाले, "तुझी गोष्ट त्या रेखाने बाहेर फोडली. मी तोडलं तिच्याशी."

ताईचा हात थांबला. "कोनती गोष्ट?"

मी कागदाचं सांगितलं.

"रेखानं?" ती माझ्याकडे पाहतच राहिली. "थो कागद तं म्या लिहाले लावला."

चर्चेच्या आधी मी एकदा परीक्षेला अमरावतीला गेले होते, त्या दिवशी ती एकटी जठारपेठेत गेली होती. तिने सरांना सगळं सांगितलं. हे पोरांसमोर मांडा, म्हणाली. सर आधी तयार नव्हते. "म्या म्हनलं, नाव नोका टाकू, पन फुलं टाका. फुलं नसन तं थे कोन्याही बाईचं होईन." चर्चेच्या दिवशी ती माझ्या मागच्या बसने आली आणि गिरणीच्या काकूंजवळ गव्हाच्या पिशवीवर बसली. वरचं ऐकू यावं म्हणून काकूंनी पंधरा मिनिटं गिरणी बंद ठेवली. इंग्रजी तिला फारसं कळलं नाही. मग सरांनी खाली येऊन कोण काय म्हणालं, ते एकेक करून सांगितलं.

"मले आयकाचं होतं," ताई म्हणाली. "आपल्या घरात तं कोनी याच्यावर बोलतच नोयतं. तुही मैत्रीण माह्या बाजूनं बोलली. तिचा आवाज खालपर्यंत येत होता."

"मला आधी का नाही सांगितलंस?"

तिने चिखलातून एक रोप उचललं, मुळं सरळ केली. "सरायनं मले पह्यल्यांदा पाह्यलं तवा इचारलं, 'शेजारच्या त्या तुम्हीच का?' तवा समजलं, तू घरी काय सांगते अन् बाहेर काय." आणि ती पुढच्या सरीला गेली.

त्यानंतर मी रेखाच्या गावच्या फाट्यावर एकदा उतरले होते. पंधरा मिनिटं उभी राहिले आणि उलट बसने परत आले. तिचा फोन लागेना. मग माझी नोकरी, अमरावती, लग्न. मी समाजशास्त्र शिकवायला लागले. ते सगळे शब्द आता माझ्या रोजच्या तोंडचे आहेत, आणि प्रत्येक वर्गात एक तरी मुलगी मला दिसते जी लिहून घेताना हात लपवते.

"तुही थे दुसरी येते ना कधी कधी दळन घेऊन," काकू म्हणत होत्या. मी भानावर आले. "मोठ्या आवाजाची. मांगच्या गल्लीत राह्यते. शाळेत मास्तरीन हाय."

मागची गल्ली चाळीस पावलांवर होती. दार रेखानेच उघडलं. केस पुढून पांढरे झालेले, हातात लाल पेन. तिने मला लगेच ओळखलं, आणि ती हसली नाही. "ये," म्हणाली. पाणी आणलं. टेबलावर वह्यांचा ढीग होता. ती त्याच्या पलीकडे उभी राहिली, बसली नाही.

मी सगळं सांगितलं. कागद, चिठ्ठीवरचा शब्द, तिची मावशी, चिखलातली ताई. ती मधे एकदाच बोलली, सरांजवळ का थांबायची ते सांगायला. घरच्यांनी तिचं लग्न काढलं होतं. क्लास सोडावा लागला तर पुढचे कागद पोस्टाने पाठवाल का, हे ती विचारत होती.

माझं बोलून झाल्यावर ती बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत राहिली.

"मले वाटलं जातीमुळे," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"तुह्या घरी आली होती मी एकदा, मोगऱ्याच्या दिवसांत. तुह्या आईनं आडनाव इचारलं. म्या सांगतलं. चहा पेली. कप धुवून ठेवला, कोनी नोको म्हनलं नाई. थोड्या दिवसानं तू बोलनं बंद केलं. मी दुसरं काय समजू?"

आई सगळ्यांनाच आडनाव विचारते, असं सांगायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. सगळ्यांना विचारते, हे खरंच आहे. पण उत्तर ऐकल्यावर प्रत्येक वेळी तिचा चेहरा सारखाच राहतो का, हे मी कधी पाहिलं नव्हतं. तो कप कोणी उचलला, कुठल्या फळीवर ठेवला, हेही नाही.

"वर्गात पोराईले मी हेच सांगते," रेखा म्हणाली. "मले एक मैत्रीण होती, अन् तिनं असं केलं. इतके वर्षं सांगून राहिली. अन् आज तू येऊन म्हनते, कारन दुसरंच होतं. काहून मानू मी?"

तिने हात पुढे केला. "ताईचा नंबर दे."

मी दिला. तिने तिथेच लावला आणि आतल्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं. मी वह्यांसमोर बसून राहिले. आतून फक्त "हाव... हाव..." ऐकू येत होतं. मग बराच वेळ काहीच नाही. ताई काय सांगत असेल, याचा मी अंदाज करत होते, आणि आपल्याला आपल्या सख्ख्या बहिणीचाही भरवसा वाटत नाही, हे मला त्या खुर्चीवर बसून समजलं.

रेखा बाहेर आली. "ताई म्हनते, इनं तुले सगळं समजावून सांगतलं असन. पन माफी मांगतली नसन."

खरंच मागितली नव्हती. कारणं सांगितली होती, क्रमाने, व्याख्यानासारखी.

"माहं चुकलं, रेखा," मी म्हणाले. आमच्या घरच्या बोलीत मी कितीतरी वर्षांत बोलले नव्हते. आवाज नीट निघाला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले, "माहं चुकलं."

ती माझ्याकडे पाहत राहिली, अजूनही जरा तपासतच. मग तिने वह्यांचा ढीग बाजूला सारला, समोरची खुर्ची ओढली आणि बसली.

"हे एक झालं," ती म्हणाली. "आता आडनावाचं बोल."